घराचं लांबलंय, मोडलेलं नाही

कोलंबस, ओहायो
रविवार, रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत. परवा फोनवर बाबांचा आवाज एकदम उतरला, म्हणून सविस्तर लिहितोय. मला कुणी फसवलेलं नाही. घराचा सौदा जागेवर आहे, विसाराची रक्कम सुरक्षित आहे. कर्ज तेवढं दुसऱ्या ठिकाणाहून घेतोय. पहिल्या कंपनीने तीन आठवडे तेच तेच कागद मागितले, ठरलेल्या व्याजदराची मुदत संपू दिली आणि मग वाढीव दर पुढे केला. तिथेच राहिलो असतो तर तीस वर्षं भुर्दंड भरावा लागला असता.

बाबा, तुम्ही विचारलंत, "मूल्यांकनाचे ६०० डॉलर आपण भरले, रिपोर्ट आपल्या हातात आहे, मग तो नव्या बँकेत नेऊन द्यायला अडचण काय?" मलाही आठवडाभर हेच उमगत नव्हतं. आपल्याकडे बँक पॅनेलवरचा व्हॅल्युअर पाठवते ना, तसंच इथे अप्रेझरला कर्ज देणारी कंपनी नेमते. पैसे माझे, पण रिपोर्टवर नाव कंपनीचं. २००८ च्या आधी कर्जवाले आणि दलाल अप्रेझरवर दबाव आणून हवी ती किंमत लिहून घेत. म्हणून २०१० च्या कायद्याने असा दबाव आणणं बंद केलं. मला प्रत फुकट मिळते, पण ती माझ्या माहितीसाठी. नव्या कंपनीला माझी पीडीएफ चालत नाही. जुन्या कंपनीकडून मूळ डेटा-फाईल थेट यायला हवी, सोबत अप्रेझरची नेमणूक नियमाने झाल्याचं सहीचं पत्र. अप्रेझरकडून रिपोर्टवरचं कंपनीचं नाव बदलून घ्यावं, तर तेही त्याच्या नियमात बसत नाही. ते नवं काम धरलं जातं. सरकारी विम्याचं एफएचए कर्ज असतं, तर कर्जदाराने मागितल्यावर जुन्या कंपनीला पाच कामाच्या दिवसांत मूल्यांकनाचा रिपोर्ट नव्या कंपनीकडे द्यावाच लागला असता. आपलं साधं कर्ज, त्यामुळे सगळं दोन्ही कंपन्यांच्या मर्जीवर.

शुक्रवारी पत्र आलं. फाईल सोमवारी देतो म्हणालेत. नाहीच आली तर दुसरं मूल्यांकन करून घेईन. आई, त्या पैशांचं मनाला लावून घेऊ नकोस. रिपोर्टमध्ये घराचा नकाशा आहे. पुढच्या दाराला लागून एक खोली आहे, जिना चढावा लागत नाही. आम्ही तिला आत्तापासून 'आई-बाबांची खोली'च म्हणतो.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे पैसे पावसाआधी पाठवतो म्हणालो होतो. या महिन्यात निम्मेच पाठवतोय, उरलेले ताबा मिळाल्यावर लगेच. कारागिराला थांबवू नका, काम सुरू करा.

आणि छोटीचा साखरपुडा. आता ताबा त्याच आठवड्यात आलाय, सह्यांना मला इथे असावंच लागेल. माझ्यासाठी तारीख हलवू नका, मुलाकडच्यांना अवघड होईल. लग्नाला आठ दिवस आधी येतो, तिकिटं काढलीत. कार्यालयाचा निम्मा खर्च माझा, त्यात काही बदल नाही. तिने साखरपुड्याच्या साडीचा फोटो पाठवलाय, चार दिवस झाले, मी अजून उत्तर दिलेलं नाही. तिला मीच फोन करून सांगतो. तोवर तुम्ही काही बोलू नका.

तुमचा,
बाळू