चिनी अक्षरांत नाव लिहिण्यास तक्ता पुरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या बालपुरवणीत ‘तुमचे नाव चिनी भाषेत लिहा’ या मथळ्याखाली एक तक्ता छापून आला होता. इंग्रजी वर्णमालेतील 26 अक्षरांसमोर 26 चिनी चिन्हे दिली होती आणि आपल्या नावाच्या स्पेलिंगप्रमाणे ती ओळीने मांडावीत, अशी सूचना होती. माझ्या नातीने घरातल्या सगळ्यांची नावे तशी लिहून फ्रिजवर चिकटवली, तिथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. परंतु दोनच दिवसांनी मालवणच्या जेटीजवळ टॅटूच्या एका टपरीवर तशाच प्रकारचा तक्ता लॅमिनेशन करून टांगलेला दिसला आणि एक तरुण पर्यटक त्यावरून आपल्या पत्नीचे नाव दंडावर गोंदवून घेत होता, तेव्हा हे पत्र लिहिणे भाग पडले.

मी चिनी भाषेचा जाणकार नाही. 27 वर्षे बोटीवर होतो, त्यात शांघाय, निंगपो, छिंगताव या बंदरांत अनेकदा मुक्काम पडला आणि चिनी सहकाऱ्यांच्या संगतीत काही गोष्टी कानावर व डोळ्यांवर ठसल्या, एवढीच माझी पात्रता. तेवढ्या बळावरही हे खात्रीने सांगता येते, की चिनी लिपीला ‘ए’पासून ‘झेड’पर्यंतची वर्णमाला नाही. तिथले एक चिन्ह म्हणजे एक पूर्ण उच्चार, आणि बहुतेक वेळा त्या उच्चाराला जोडलेला एक अर्थ. चीन सरकारने 2013 साली जाहीर केलेल्या प्रमाण यादीत 8,105 चिन्हे आहेत आणि रोजच्या वाचनासाठी त्यांतली पहिली 3,500 पुरतात, असे मानले जाते. उलट त्यांच्या प्रमाण भाषेत, सूर बाजूला ठेवला, तर वेगवेगळे उच्चार जेमतेम 400 आहेत. म्हणजे एकाच उच्चाराची अनेक चिन्हे असणार हे उघड आहे. नुसता ‘मा’ घ्या: सपाट सुरात तो आई होतो, चढत्या सुरात अंबाडीसारखे तंतू देणारे झाड, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात घोडा आणि उतरत्या सुरात शिव्या देणे. नावात ‘मा’ असेल, तर यांतले काय लिहायचे, हे कोणीतरी ठरवावे लागते. तक्ता ते ठरवत नाही.

याचा धडा मला स्वतःच्या नावावरून मिळाला. माझे नाव आनंद. एका बंदरातल्या म्हाताऱ्या कारागिराकडून मी दगडाचा शिक्का कोरून घेतला होता. त्याने मला दोन-तीनदा नाव उच्चारायला लावले, थोडा विचार केला आणि ‘आ-नान’ अशी दोन चिन्हे कोरून दिली. पुढे कितीतरी वर्षे मी तो शिक्का माझ्या पुस्तकांवर कौतुकाने उमटवत असे. एकदा आमच्या बोटीवरच्या चिनी थर्ड इंजिनिअरने तो पाहिला आणि हसू दाबत सांगितले, की यातल्या दुसऱ्या चिन्हाचा अर्थ ‘कठीण’ असा होतो, आणि सूर बदलला तर ‘संकट’. आनंदाचे संकट झालेले पाहून मी इतका खट्टू झालो, की शिक्का ट्रंकेच्या तळाशी गेला. दुसऱ्या दिवशी तोच गृहस्थ आपण होऊन माझ्याकडे आला. रात्री त्याला आठवले होते, की गौतम बुद्धांचा शिष्य आनंद याचे नाव चिनी बौद्ध ग्रंथांत शतकानुशतके नेमके याच दोन चिन्हांनी लिहिले जाते आणि त्याच्या आजीला ते देवळातल्या पाठांतून तोंडपाठ होते. म्हाताऱ्या कारागिराने चूक केली नव्हती. त्याने मला त्या भाषेत आधीपासून रूढ असलेले माझेच नाव दिले होते.

मला वाटते, या विषयाचे मर्म इथे आहे. नुसता शब्दकोश उघडून चिन्हांचे अर्थ जुळवणे हेदेखील तक्त्याइतकेच फसवे आहे, कारण रूढ झालेल्या परक्या नावात चिन्हाचा अर्थ झोपलेला असतो. नालंदा विद्यापीठाच्या चिनी नावातले मधले चिन्ह ‘सडलेले’ या अर्थाने वापरले जाते आणि तेच चिन्ह दुसऱ्या एका शब्दात ‘झळाळते’ या अर्थानेही येते, तरी नालंदा वाचताना यांतले काहीच कोणाच्या मनात येत नाही. मुंबईच्या चिनी नावात ‘विकत घेणे’ हे चिन्ह आहे (मुंबईकरांना ते पटेलही). रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचे आडनाव चिनीत ‘थी-ला-ख’ असे तीन चिन्हांनी लिहितात. त्यांचे सुटे अर्थ ‘उचलणे’, ‘ओढणे’ आणि ‘मात करणे’ असे निघतात. आपल्याला ते लोकमान्यांना शोभून दिसते, पण तो केवळ योगायोग आहे. परदेशी नावे वृत्तपत्रांत एकसारखी छापली जावीत म्हणून शिन्हुआ या सरकारी वृत्तसंस्थेने कोणत्या उच्चारासाठी कोणते चिन्ह वापरायचे, याचे ठरावीक संकेत केलेले आहेत आणि त्यांत शक्यतो अर्थाने मवाळ चिन्हे घेतलेली असतात. स्त्रीच्या नावातल्या ‘ना’साठी मात्र डाव्या बाजूस ‘स्त्री’ची खूण असलेले वेगळे चिन्ह घेतात.

याहून वरची पायरी म्हणजे विचारपूर्वक दिलेले नाव. त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे आहे. 1938 साली भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात ते होते आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे चिनी नाव, आपण मराठीत साधारणपणे लिहितो त्याप्रमाणे, ‘के दी हुआ’. पहिले चिन्ह कोटणीसमधल्या ‘को’च्या जवळचे आहे आणि ते खरोखरचे चिनी आडनावही आहे, दुसरे एका फुलझाडाचे, ज्याचा चिनी काव्यपरंपरेत बंधुप्रेमाशी संबंध जोडला जातो, तिसऱ्या ‘हुआ’चा अर्थ चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हे ‘हुआ’ होते. कोटणिसांच्या मुलाचे नाव ‘इन हुआ’, म्हणजे भारत आणि चीन. तीन चिन्हांत आडनाव, बंधुभाव आणि ज्या देशासाठी माणूस झिजला तो देश इतके सारे मावते, हे लक्षात आल्यावर 26 खणांचा तक्ता फारच केविलवाणा वाटू लागतो. रवींद्रनाथ टागोरांना 1924 च्या चीनभेटीत विचारवंत ल्यांग छी-छाव यांनी दिलेले नावही असेच घडवलेले होते. ‘चू’ हे आडनाव भारताच्या जुन्या चिनी नावातून घेतलेले, आणि पुढच्या ‘चन-तान’ या दोन चिन्हांत मेघगर्जना व सूर्योदय, म्हणजे इंद्र आणि रवी. शिवाय ही जोडी ‘चीनस्थान’ या आपल्याकडच्या प्राचीन शब्दाचे चिनी रूप आहे, ते वेगळेच.

इथे एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण ती आपल्या वृत्तपत्रालाही लागू आहे. चिनी नावांचे रोमन स्पेलिंग पाहून आपण ‘बीजिंग’ लिहितो. परंतु त्या स्पेलिंगमधला ‘बी’ हा आपला ‘प’ असतो, ‘डी’ हा ‘त’ आणि ‘जी’ हा ‘क’, तर ‘पी’, ‘टी’, ‘के’ ही अक्षरे फ, थ, ख यांच्या जवळ जातात. त्या शहराचे नाव ‘पेइचिंग’ असे लिहिले, तर चिनी माणसाला ते अधिक ओळखीचे वाटेल. अल्पप्राण आणि महाप्राण यांचा हा भेद इंग्रजीला नीट दाखवता येत नाही, देवनागरीला येतो, आणि तरीही आपण इंग्रजीच्या दारातून जातो. उलट दिशेनेही हीच गंमत होते. टिळकांचा ‘थीलाख’ झाला, त्यात ‘ळ’ हरवला आणि ‘ट’ला व ‘क’ला हकार चिकटला, याचे कारण नाव इंग्रजीमार्गे गेले हेच दिसते. म्हणून ज्यांना खरोखर चिनी नाव घ्यायचे आहे, त्यांनी स्पेलिंग पाठवू नये, नाव मराठीत उच्चारून ऐकवावे.

नाव ठेवण्याच्या रीतींतही अंतर आहे. आपल्याकडे बारशाला नक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर काढतात. तिकडे पत्रिकेत पंचतत्त्वांपैकी जे उणे असेल त्याची खूण असलेले चिन्ह नावात घालण्याची जुनी प्रथा आहे, पाणी कमी तर पाण्याच्या थेंबांची खूण असलेले चिन्ह. कोकणात नातवाला आजोबांचे नाव ठेवले, की आजोबा परत आले असे म्हणतात. चिनी परंपरेत मात्र वडीलधाऱ्यांच्या नावातले चिन्ह मुलाला देणे हा त्यांचा अनादर समजला जाई. तेव्हा आपल्या घरातले नामकरणाचे हिशेब जसेच्या तसे तिकडे नेता येत नाहीत.

टॅटूवाल्यांसाठी एक सूचना. ‘मोठा’ या अर्थाचे चिनी चिन्ह तीन रेषांचे आहे. त्याच्या उजव्या खांद्यावर एक ठिपका पडला, तर त्याचा ‘कुत्रा’ होतो आणि तोच ठिपका खाली दोन पायांच्या मध्ये पडला, तर ‘फारच’ असा अर्थ होतो. ‘घर’ लिहिताना ‘घ’च्या डोक्याला गाठ पडली, तर ‘धर’ होते, तसाच हा प्रकार. ज्याला ती लिपी वाचता येत नाही, त्याने ती सुईने गोंदवू नये, आणि गोंदवून घेणाऱ्याने निदान एका वाचणाऱ्या माणसाकडून मजकूर आधी तपासून घ्यावा. ते चिन्ह आधीच्या-नंतरच्या चिन्हांसह मोठ्याने वाचल्यावर कानाला काय ऐकू येते, हेही विचारावे, कारण दोन निर्दोष चिन्हे शेजारी आली की भलताच शब्द ऐकू येऊ शकतो.

आपणास विनंती अशी, की येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकारात या तक्त्याविषयी खुलासा छापावा. मुलांना चिनी लिपीची गोडी लावायचीच असेल, तर ‘आंबा’ हा शब्द द्यावा. ह्युएन त्संगाच्या प्रवासवर्णनात आपला ‘आम्र’ ‘आन-मो-लो’ अशा निव्वळ उच्चाराने आला आहे; आजचा शब्द ‘मांग-कुओ’ असा असून त्यात पहिल्या भागाचा उच्चार परदेशी ‘मँगो’चा आणि दुसरा भाग चिनी, अर्थ ‘फळ’. देवगडच्या मुलांना एवढे पुरेसे आहे.

नातीचे फ्रिजवरचे नाव मी अजून काढलेले नाही. तिचे नाव मीरा. त्या जुन्या इंजिनिअर मित्राला तिच्याच आवाजात ते नाव पाठवले होते. त्याने कळवले, की चिनीत ‘र’ नेमका उमटत नाही, म्हणून ‘मी-ला’ होईल, आणि निष्काळजीपणे चिन्हे घेतली तर ‘तांदूळ’ आणि ‘तिखट’ असेही लिहिले जाऊ शकेल. पुढे त्याने विचारले आहे, की तुमच्या घरात या नावाचा अर्थ काय समजतात. तिची आई म्हणते, संत मीराबाई. माझी पत्नी म्हणते, संस्कृतात ‘मीर’ म्हणजे समुद्र, आणि नाव ठेवताना तिच्या मनात तेच होते. उत्तर पाठवायचे राहिले आहे.

आपला,
आनंद
देवगड, जि. सिंधुदुर्ग