अनोळखी नव्हे, रोजच्याच वेबसाइटवर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खोट्या ब्राउझर अपडेटवरचा कालचा लेख वाचला. विषय घेतलात ते बरं केलंत, पण ‘अनोळखी वेबसाइट टाळल्या की धोका टळला’ हे वाक्य वाचल्यापासून डोकं शांत नाही.

माझी ताई फसली ती विणकामाचे नमुने देणाऱ्या वेबसाइटवर. वर्षानुवर्षं ती तिथे जाते. त्या दिवशी पान अचानक पांढरं झालं. मधोमध क्रोमचं गोल चिन्ह, ‘तुमचं व्हर्जन जुनं झालं आहे’ अशी सूचना आणि खाली निळं बटण. तिने ते दाबलं, झिप फाइल उतरली. आतली फाइल उघडली तर काहीच घडलं नाही, म्हणून बिचारीने आणखी दोनदा उघडली. ती जावास्क्रिप्टची, म्हणजे उघडताच चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल होती, पण विंडोज फाइलच्या नावाचं ‘.js’सारखं शेपूट मुळातच लपवतं, त्यामुळे नुसतं ‘अपडेट’ एवढंच दिसत होतं. चौथ्या दिवशी तिच्या ई-मेलचा पासवर्ड बदललेला. ओटीपी वगैरे काही आलाच नाही. ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डबरोबर लॉगिनच्या कुकीज (आपण आधीच लॉगिन झालोय याची ब्राउझरने ठेवलेली खूण) चोरीला गेल्या, तर चोराला ओटीपी लागतोच असं नाही.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा म्हणाला, ‘काहीतरी भलतंसलतं उघडलं असणार.’ ताईने त्याच्यासमोर तेच पान पुन्हा उघडलं, तर तिथे नमुना जसाच्या तसा! चार माणसांत ती खोटी पडली. हे करणाऱ्या टोळ्या एकाच माणसाला ती खिडकी सहसा पुन्हा दाखवत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. तुमच्या लेखातही ‘निष्काळजी वापरकर्ते’ हा शब्दप्रयोग आहे. तो ताईने वाचला.

चांगल्या वेबसाइटमध्येच चोरून कोड घुसवतात, हाच तर या प्रकाराचा गाभा. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत वृत्तपत्रांना व्हिडिओ आणि जाहिराती पुरवणाऱ्या एका कंपनीच्या कोडमधून ‘सॉकघोलिश’ नावाचा हाच प्रकार अडीचशेहून अधिक वृत्तसंस्थांच्या वेबसाइटपर्यंत पोचला होता. बातम्या वाचायला आलेले ते वाचक निष्काळजी होते का?

ओळखायचं कसं, ते लेखात दोन ओळींत उरकलंय. खरी खूण एकच: सूचना वेबपानाच्या आत आहे की ब्राउझरच्या स्वतःच्या मेन्यूत. क्रोम आपलं आपण मागच्या मागे अपडेट होतं, फार तर वर उजव्या कोपऱ्यात ‘रीलाँच’ करायला सांगतं. फायरफॉक्सचं ‘हेल्प’मधल्या ‘अबाउट’मध्ये दिसतं, सफारीचं मॅकच्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये. शंका आली तर टॅब बंद करावा आणि तिथे जाऊन पाहावं. वेबपानाने डाउनलोड फोल्डरमध्ये अपडेटची फाइल टाकली, तर ती उघडू नये. अलीकडे तर फाइलही नसते. ‘विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर’ असं सांगतात. पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा आपणच आपल्या हाताने चालवतो. कोणताही ब्राउझर अपडेटसाठी असं करायला लावत नाही. आणि ज्यांनी फाइल उघडलीच आहे, त्यांनी आधी इंटरनेट तोडावं आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत, सगळ्या ठिकाणांहून लॉगआउट करून. ताईने तिच्याच कॉम्प्युटरवरून बदलले होते. तेही गेले.

आता आलोच आहे तर आणखी एक. तुमच्या वेबसाइटवर बातमी उघडली की आधी ‘नोटिफिकेशनला परवानगी द्या’ अशी खिडकी येते, आणि मजकुराच्या मध्ये ‘डाउनलोड’ लिहिलेली मोठी हिरवी बटणं असतात. ती जाहिरात आहे हे ताईला मी आजही शेजारी बसून सांगतो. कालच्या त्याच लेखाखाली असं एक बटण होतं. कृपा करून ते काढा.

आपला,
एक नियमित वाचक