सांबऱ्याहून कोलकात्याला, व्हाया लाउंज

टिळकवाडी, बेळगाव
रविवार

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "सगळ्यात भारी लाउंज कुठलं ते सांग, आणि ते कार्ड घेऊ का नको ते सांग." प्रश्न दोनच, खरं व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर मावेना. अण्णा-काकूंना तू पहिल्यांदा विमानात बसवणार, वहिनी सोबत, पोरगी तिकडं कोलकात्यात वाट बघत बसलेली, आणि मध्ये बेंगळूरला चार तासांचा थांबा. म्हटलं, नीट बसून लिहावं. कंपनीचे व्हॉल्व्ह विकायला मी वर्षानुवर्षं दिल्ली-हैदराबाद करतोय, त्यात विमानतळावरच्या लाउंजची, म्हणजे खायच्या-बसायच्या त्या खास खोलीची, खुर्ची बरीच झिजवलीय. तेवढ्या अधिकारावर सांगतो.

आधी त्या क्रेडिट कार्डाचं. निपाणीच्या पेट्रोल पंपावर ज्या पोरानं तुला गाठलं, त्यानं "लाउंज फ्री" एवढंच सांगितलं असणार. फ्री काही नसतं. आपण आत शिरलो की लाउंजवाला माणशी पैसे लावतो, मधली एक एजंट कंपनी ते बिल गोळा करते आणि शेवटी बँक भरते. कोविडनंतर लोक एवढे आत शिरायला लागले की बँकांनी हात आखडला. एचडीएफसीनं रेगालिया कार्डावर डिसेंबर २०२३ पासून तिमाहीला एक लाख खर्चाची अट घातली. आयसीआयसीआयनं एप्रिल २०२४ पासून बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ३५ हजार खर्च मागितला, अ‍ॅक्सिसनं त्याच वर्षी मे महिन्यापासून आधीच्या तीन महिन्यांत ५० हजार. त्यानंतरही हे आकडे हलत राहिलेत, म्हणून माझ्यावरही विसंबू नको, बँकेच्या अ‍ॅपवर बघ.

आता तुझा खर्च बघ. वखारीचा व्यवहार चेकनं, किराणा आणि भाजी यूपीआयनं, शेतातल्या माणसांची मजुरी रोखीनं. कार्ड घासायला तू जाणार कुठं? लाउंजमधली इडली फुकट मिळावी म्हणून तिमाहीला नको ती खरेदी करत बसशील आणि वहिनी मला फोन लावतील. शिवाय तुझा प्रवास पुढच्या महिन्यात. मागच्या तिमाहीचा खर्च बघणारी बँक नव्या कार्डाला काय नियम लावते, ते त्या पोराला लेखी विचार. तोंडी विचारलंस तर तो सगळ्याला होयच म्हणणार, त्याचं टार्गेट असतंय.

आणखी एक. कार्ड तुझं म्हणजे आत तू एकटा. अण्णा, काकू, वहिनी हे तुझे पाहुणे. बहुतेक कार्डांवर पाहुण्याचे पैसे वेगळे लागतात. दारात थेट पैसे भरून जायचं तर मोठ्या विमानतळांवर माणशी हजाराच्या पुढंच धर. म्हणजे तू फुकट जाऊन बाकी तिघांचे तीन-चार हजार मोजणार. त्यापेक्षा घरात प्रत्येकाकडं बँकेचं डेबिट कार्ड आहे ना, ती सगळी काढून बघ. अण्णांच्या पेन्शनच्या खात्याचं कार्ड रुपे प्लॅटिनम किंवा सिलेक्ट निघालं तर त्यावर सोय असू शकते. मशीनवर दोन-चार रुपये कापून घेतात, तेवढंच. खरं ज्याचं कार्ड तो माणूस, त्याचा बोर्डिंग पास आणि ओळखपत्र, हे तिन्ही दारात एकत्र लागतं. आणि त्या कार्डावर कुठली लाउंज चालतात, ती यादी निघायच्या आदल्या दिवशी परत बघ. ड्रीमफोक्स ही यातली मोठी मधली कंपनी, तिनं सप्टेंबर २०२५ मध्ये देशातल्या लाउंजची सेवाच बंद केली. तेव्हा यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून हिशेब मांडू नको.

बरं, आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळाचं सांगतो. ब्रिटिशांनी १९४२ मध्ये हवाई दलासाठी बांधलेली ही धावपट्टी, आणि सप्टेंबर २०१७ पासून आपल्याकडं चांगलं टर्मिनल आहे. तिथं लाउंजची गरजच वाटत नाही. चेक-इन करून, सिक्युरिटी उरकून गेटसमोर बसेपर्यंत फार वेळ जात नाही. मोठं टर्मिनल होणार म्हणून १० मार्च २०२४ ला पंतप्रधानांनी कोनशिला बसवली. त्याच दिवशी कोल्हापूरला नवं टर्मिनल मिळालं, आपल्याला दगड! उद्या इथं लाउंज झालंच तर बेंगळूरकरांनी लाउंजला आपल्या फोनचा कोड ०८० दिलाय तसं आपलं ०८३१ नाव ठेवा म्हणावं, आणि बुफेत कुंदा पाहिजे, नाहीतर मी आत पाऊल टाकणार नाही.

तुला निपाणीहून कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ जवळ पडतं, ते मला माहीत आहे. तरी हे तिकीट सांबऱ्याचं आहे तेच बरं. गोव्याहून जायच्या भानगडीत तर पडूच नको. तिथल्या मोपा विमानतळाचं तिकीट स्वस्त दिसलं की आपली माणसं लगेच चोर्ला घाट धरतात. अण्णांच्या कमरेचं काय होईल त्या वळणांवर?

आता तुझा मुख्य प्रश्न. सगळ्यात भारी कुठलं? लोक बुफे बघून नंबर देतात. मी खुर्ची, संडास आणि गेटपर्यंतचं अंतर बघतो. जेवणाचं म्हणशील तर सगळीकडं साधारण तेच: दोन भाज्या, डाळ, भात, काहीतरी पास्ता, कापलेली पपई. हैदराबादला बिर्याणी आणि दिल्लीला राजमा-छोले मिळण्याची शक्यता जास्त, एवढाच फरक. दिल्लीचं टी-३, म्हणजे तिसरं टर्मिनल, आणि हैदराबाद दोन्हीकडं एन्काम नावाच्या कंपनीचं लाउंज आहे. मुंबईच्या टी-२ वर आता अदानींचं. मुंबईत मात्र मी लाउंज सोडून बाहेरच फिरतो. त्या टर्मिनलात 'जय हे' नावाचं कलादालन भिंतीभर पसरलंय, हजारो जुन्या-नव्या वस्तू, तिकीट नाही. कोरीव लाकडी दरवाजे बघत चाललं की वेळ कसा जातो कळत नाही. सुतारकामाची आवड असलेल्या अण्णांना एकदा तिथं नेच.

बेंगळूरला दोन्ही टर्मिनलांवर लाउंजचं नाव ०८० च. माझ्या पसंतीत हे वर, कारण बसायच्या जागा वेगवेगळ्या तऱ्हेच्या आहेत आणि इडली-वडा असला तर काकू खुश. खरं तुझं पुढचं विमान कुठल्या टर्मिनलवरून आहे ते आधी बघ. आपण ज्या टर्मिनलवरून उडणार तिथलंच लाउंज आपलं. सिक्युरिटीनंतर इकडून तिकडं जाता येत नाही. टी-२ असेल तर आनंदच आहे. ते टर्मिनल म्हणजे बागच: बांबूचं छत, वरून लोंबणाऱ्या वेली, पाण्याचा आवाज. नोव्हेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालं आणि १५ जानेवारी २०२३ ला तिथून पहिलं विमान उडालं ते आपल्या शेजारच्या घोडावतांच्या स्टार एअरचं, कलबुर्गीला. मला फार बरं वाटलं होतं वाचून. तिथं बाहेरच्या बाकावर बसलं तरी चालतंय.

लाउंजचं खरं दुखणं गर्दी. एका मोठ्या विमानतळावर संध्याकाळी मी एवढ्या लांब रांगेत उभा होतो की माझ्या पुढच्या माणसाचं बोर्डिंग सुरू झालं आणि तो उपाशीच पळाला. आत गेलो तर खुर्ची नाही. ताट हातात घेऊन लग्नाच्या पंगतीत दुसऱ्या फेरीची वाट बघावी तसा उभा. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते नऊ, या वेळा टाळ. तुझा थांबा दुपारचा दिसतोय, ते एक चांगलं आहे. आणि बऱ्याच ठिकाणी दोन-तीन तासांची मर्यादा असते, चार तास बसू देतील असं धरू नको.

गंमत म्हणून सांगतो. विमान कंपनीनं काढलेलं पहिलं लाउंज अमेरिकन एअरलाइन्सचं, १९३९ सालचं, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाला. कंपनी बोलावेल त्यालाच आत प्रवेश, पैसे असून उपयोग नाही. त्याच वर्षी जानेवारीत कोल्हापूरचं विमानतळ सुरू झालं होतं. आणि आज पंपावरचा पोरगा तुला बोलावतोय!

अण्णा-काकूंचं मात्र नीट ऐक, कारण लाउंजपेक्षा हे महत्त्वाचं. दोघांना व्हीलचेअर सांगून ठेव, तिकिटावरच, दोन दिवस आधी. काकू म्हणतील मला चालता येतंय. चालता येतंय, खरं बेंगळूरला चालायचं किती ते त्यांना ठाऊक नाही. व्हीलचेअर ढकलणारा माणूस तुमच्यापाशी थांबून राहत नाही, त्याला दुसरे प्रवासी असतात. लाउंजच्या दारात सोडलं तर परत कधी आणि कुठं यायचं ते तिथंच ठरवून घे, विमान कंपनीच्या काउंटरवरही सांगून ठेव. बेंगळूरला 'अमुक विमानाच्या प्रवाशांनी' असा पुकारा होत नाही, ते शांत विमानतळ आहे. उड्डाणाच्या २५ मिनिटं आधी गेट बंद होतं. मऊ खुर्चीत अण्णांची दुपारची झोप लागली तर उठवायचं काम तुझं. वहिनींच्या मोबाइलवर तासभर आधीचा गजर लाव, तुझ्यावर माझा भरवसा नाही.

तर माझं म्हणणं असं: कार्ड घेऊ नको. घरातली डेबिट कार्डं तपास. दोघांची सोय निघाली तर अण्णा-काकूंना आत बसव आणि वहिनींनी व तू बाहेर कॉफी घ्या. अधूनमधून डोकावायला आत सोडणार नाहीत, म्हणून काकूंच्या हातात फोन पूर्ण चार्ज करून दे. सोयच निघाली नाही तर दारात पैसे भरू नको. घरून पोळीची गुंडाळी, दशम्या, शेंगाची चटणी घे, सुकं खाणं केबिनच्या पिशवीत चालतंय. परतीला कोलकात्याहून निघताना तर लाउंजचं नावच काढू नको. तिथं डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं उडान यात्री कॅफे काढलाय: चहा १० रुपये, पाणी १० रुपये, कॉफी, समोसा आणि मिठाई प्रत्येकी २०. विमानतळावर १० रुपयांत चहा म्हटल्यावर अण्णा दोन पितील.

तिकिटाचा फोटो पाठव, म्हणजे टर्मिनल बघून सांगतो. सांबऱ्याला सोडायला मी येतोच, गाडीत तुमची मोठी बॅग मावेल. निपाणीहून आदल्या रात्रीच इकडं मुक्कामाला या. आमची ही म्हणते, काकूंना सांगा, मांडे आणून ठेवते.

अण्णांना आणि काकूंना नमस्कार, वहिनींना विचारलंय म्हणून सांग.

तुझा,
बंडू