सामुदायिक रेडिओ आणि धार्मिक कार्यक्रम : नियमाचा अर्थ लेखी स्पष्ट करावा

प्रति,
मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार

मंत्रिमहोदय, सविनय नमस्कार.

भारतातील ख्रिस्ती श्रोत्याने आपल्या श्रद्धेचा रेडिओ अनेक दशके समुद्रापलीकडून ऐकला. सेशेल्स बेटांवरून फेबा रेडिओचे लघुलहरी (शॉर्टवेव्ह) प्रक्षेपण १९७० मध्ये सुरू झाले आणि २००३ मध्ये थांबले. मनिलाच्या रेडिओ व्हेरितास एशियाने २०१८ मध्ये लघुलहरी सोडून इंटरनेटची वाट धरली. त्या काळी खरखरीतून निवेदकाचा आवाज शोधायचा, तो विरू लागला की काटा अगदी किंचित सरकवायचा आणि शेवटी सांगितला जाणारा टपालपेटीचा क्रमांक उतरून घेण्यासाठी वही जवळ ठेवायची, हा घराघरांतला नेम होता. पत्राने बायबलचा अभ्यासक्रम मागवणारे कितीतरी लोक त्याच वहीतून पुढे आले. आता मोबाइलवर सारे मिळते. पण आपल्या गावाची खबर आणि आपल्या बोलीतला आवाज दूरच्या स्टुडिओतून येत नाही.

खासगी एफएमच्या २०११ च्या धोरणाने धार्मिक संस्थांना परवान्यापासून दूर ठेवले आहे. या बंधनाबद्दल माझी तक्रार नाही. पैशाच्या बळावर शहरभर ऐकू जाणारी वाहिनी कोणत्याही एका पंथाच्या हाती असू नये, असेच माझे मत आहे.

सामुदायिक रेडिओची, म्हणजे ना-नफा संस्थांनी स्थानिक लोकांसाठी चालवायच्या लहान केंद्रांची, गोष्ट वेगळी आहे. शंभर वॅटचा प्रक्षेपक, दहा-पंधरा किलोमीटरचा परिसर आणि निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार करण्याची अट, एवढा हा आटोपशीर व्यवहार. वायनाडमध्ये मानंतवाडी धर्मप्रांताशी जोडलेल्या समाजसेवी संस्थेचे ‘रेडिओ माट्टोली’ केंद्र २००९ पासून शेतकऱ्यांसाठी आणि आदिवासींच्या बोलींतही कार्यक्रम देत आले आहे. वसईत सामवेदी बोलीत किंवा अहिल्यानगर परिसरात रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनपरंपरेला धरून असे केंद्र का उभे राहू नये?

अडचण नियमाच्या शब्दांत आहे. सामुदायिक रेडिओची मार्गदर्शक तत्त्वे धार्मिक कार्यक्रमांना सरसकट मज्जाव करीत नाहीत. धार्मिक भावनांचा गैरफायदा घेतला जाऊ नये आणि इतरांच्या श्रद्धा दुखावल्या जाऊ नयेत, याची दक्षता घ्या, असे ती सांगतात. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. परंतु गैरफायदा म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट नसल्यामुळे परवाना गमावण्याच्या भीतीने एखादी लहान संस्था पेटी-तबल्यावरचे भजनही गाळून टाकू शकते, आणि दुसरी धीट संस्था रोगमुक्तीच्या हमीचे कार्यक्रम बिनदिक्कत लावू शकते. या संदिग्धतेचा जाच प्रामाणिक माणसालाच अधिक होतो.

म्हणून मंत्रालयाने सर्व धर्मांना सारखे लागू होणारे स्पष्टीकरण काढावे. चमत्काराने आजार बरे करण्याचे दावे, प्रार्थनेच्या बदल्यात देणगीचे आवाहन, आमिष दाखवून धर्मांतराला बोलावणे आणि अन्य धर्मांची निंदा, हे सारे निषिद्ध म्हणून नोंदवावे. भजने, धर्मग्रंथाचे वाचन, सणाच्या उपासनेचे प्रक्षेपण आणि परिसरातील निधनवार्ता यांना मात्र ठरावीक वेळेच्या मर्यादेत निःशंक मोकळीक असावी.

आणखी एक मुद्दा केंद्रांच्या जाळ्याचा. २०२४ च्या सुधारित तत्त्वांनुसार अनेक जिल्ह्यांत काम करणारी एक संस्था, अटींची पूर्तता केल्यास, वेगवेगळ्या जिल्ह्यांत जास्तीत जास्त सहा केंद्रे चालवू शकते. ही सवलत स्वागतार्ह आहे, पण मुख्यालयात ध्वनिमुद्रित केलेले एकच प्रवचन सहाही ठिकाणी वाजत राहिले तर सामुदायिक रेडिओचा हेतूच बुडेल. त्यामुळे स्थानिक निर्मितीची अट प्रत्येक केंद्राला स्वतंत्रपणे लावून तिची तपासणीही व्हावी. चर्चच्या संस्थांनाही यातून सूट नको, असे मी एक ख्रिस्ती श्रोता म्हणून आग्रहाने सांगतो.

प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा सहभाग असलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने १९९५ मध्ये दिला. त्याच आधारावर ही विनंती आहे. स्पष्टीकरणाचा मसुदा मराठीसह सर्व प्रादेशिक भाषांत हरकती-सूचनांसाठी खुला करावा, म्हणजे ज्या लहान संस्थांना तो पाळायचा आहे, त्यांनाही त्यावर आपले म्हणणे मांडता येईल.

आपला विश्वासू,
एक मराठी ख्रिस्ती श्रोता