घरखर्चाला महिन्याचे माप अपुरे

संपादक महोदय, स. न.

केंद्र सरकारच्या घरगुती उपभोग खर्च पाहणीचे आकडे आले की ‘जेवणावरचा खर्च घटला, चैन वाढली’ अशा धर्तीच्या बातम्या होतात. २०२३-२४ च्या पाहणीत ग्रामीण भागात माणशी महिन्याचा खर्च ४,१२२ रुपये निघाला आणि त्यात खाण्यापिण्याचा वाटा ४७.०४ टक्के, शहरात हेच आकडे ६,९९६ रुपये आणि ३९.६८ टक्के. २०११-१२ मध्ये ग्रामीण वाटा ५२.९ टक्के होता. आकड्यांबद्दल तक्रार नाही. ते काढले कसे, हे मात्र बातमीत येत नाही, आणि आपल्या भागात घरचा हिशेब ठेवणाऱ्याला खरा उपयोग त्याचाच आहे.

या पाहणीत सगळ्या खर्चाला एकच मुदत लावत नाहीत. भाजी, फळे, तेल, अंडी-मटण, मसाले, बाहेरचा चहा-वडा यांचा हिशेब गेल्या ७ दिवसांचा विचारतात. धान्य, डाळी, साखर, इंधन यांचा ३० दिवसांचा. कपडे, चपला, शाळेची फी, दवाखान्यात दाखल होण्याचा खर्च आणि फ्रिज-गाडीसारख्या वस्तू यांना ३६५ दिवस. कारण साधे आहे. स्टँडवर खाल्लेला वडापाव महिन्याने आठवत नाही, आणि जूनमधली फी ऑक्टोबरच्या महिन्यात शोधून सापडत नाही. शिवाय अन्नाच्या बाबतीत ‘किती आणले’ असे न विचारता ‘किती वापरले’ असे विचारतात.

आपल्याकडे उलट चालते. बचत गटांच्या बैठकीत घरखर्चाचे जे छापील तक्ते वाटतात, त्यात सगळे रकाने महिन्याचे. पगारदाराला ते ठीक. सांगली-साताऱ्याच्या गावात दूधबिल दहा दिवसांनी येते, हळद-बेदाण्याचे पैसे सौदा झाला की येतात, आणि ऊसबिल कारखान्याच्या मर्जीने. (१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, ते कुठे किती पाळले जाते हा वेगळ्या पत्राचा विषय.) अशा घरात महिन्याचा तक्ता भरला की एप्रिल-मे उधळे दिसतात आणि ऑगस्ट काटकसरी. दोन्ही खोटे.

चटणीचेच बघा. उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, खोबरे, धने, लसूण, कांदा, तेल आणि डंकावरची कुटणावळ धरून समजा ३,००० रुपये गेले. मेच्या रकान्यात ३,००० आणि पुढे अकरा शून्ये, हे चुकीचे. बारांनी भागून महिना २५० धरायचे, हेही अर्धवटच. बरणी फेब्रुवारीअखेर संपली तर ती दहाच महिने पुरली, म्हणजे खर्च महिना ३०० झाला. त्यातली एक बरणी लेकीकडे आणि एक पुण्यातल्या पोराकडे गेली असेल, तर तेवढा भाग घरच्या खाण्यात धरायचाच नाही, देण्याघेण्यात धरायचा. म्हणून बरणी भरली त्या दिवसाची तारीख आणि वजन झाकणावर लिहावे, संपली की पुन्हा तारीख. गॅसलाही हेच. १४.२ किलोची टाकी ८६० रुपयांना आली आणि ४० दिवस गेली, तर दिवसाला साडेएकवीस रुपये, महिन्याला ६४५.

आठवडा बाजारातली चूक तर घरोघर होते. एका बाजाराला ६०० रुपये, म्हणून महिना २,४००, असे धरतात. वर्षात बाजार ५२ येतात, ४८ नव्हे. खरा खर्च महिना २,६०० निघतो. वर्षाला २,४०० रुपये तिथेच हिशेबाबाहेर राहतात आणि मग ‘पैसा जातो कुठे’ म्हणून घरात वाद.

घरच्या मालाचा प्रश्न याहून अवघड आहे. दावणीला म्हैस आहे, रोज दोन लिटर दूध घरात राहते, म्हणून ‘आम्हाला दुधाचा खर्च नाही’ असे सांगितले जाते. डेअरीचा दर लिटरला ५० धरला तर ते महिन्याला ३,००० रुपयांचे दूध आहे. पाहणीतही घरचा माल खर्चात धरतात, पण शेतावरच्या भावाने, दुकानाच्या नव्हे. घरच्या वहीतही तोच भाव लावावा, कारण विकले असते तर तेवढेच हातात आले असते. जत-आटपाडी किंवा माण-खटावच्या घरची शाळू ज्वारी किलोला दुकानभावाने मांडली की खर्च उगाच फुगतो, आणि अजिबात मांडली नाही की शेतीचा नफा कमी दिसतो.

रेशनचे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. ग्रामीण माणशी खर्चाच्या ४,१२२ च्या आकड्यात त्याची किंमत शून्य. मोफत वस्तूंची किंमत धरली की तोच आकडा ४,२४७ होतो. एकूण खर्चातला तृणधान्याचा वाटा ग्रामीण भागात ५ टक्क्यांच्या आसपास आला, याचा आनंद करण्याआधी हे लक्षात घ्यावे. त्याच पाहणीत पेये, नाश्ता आणि तयार खाद्यपदार्थ यांचा वाटा ९.८४ टक्के आहे, धान्याच्या जवळपास दुप्पट. फरसाण-बिस्किटाचे पुडे आणि टपरीवरचा चहा वहीत सहसा येतच नाहीत.

वहीत आणखी दोन घोळ असतात. किराणा उधारीवर, पैसे ऊसबिलावर. खर्च माल घरात आला त्या तारखेला लिहावा, पैसे दिले त्या तारखेला उधारी फिटली एवढेच लिहावे. नाहीतर एकच तेलाचा डबा दोनदा चढतो. दुसरे, पेंड, खत आणि साबण एकाच खात्यावर येतात. पेंड हा धंद्याचा खर्च. मोटारसायकलचे पेट्रोलही तसेच: दूध घालायला आणि पंप चालू करायला किती किलोमीटर, मुलांच्या शाळेला किती, हे आठवडाभर मीटर बघून एकदा ठरवावे आणि त्याच प्रमाणात वाटून टाकावे. भिशीचा हप्ता खर्चात नको आणि भिशी लागली तर ती मिळकतीतही नको. कर्जाच्या हप्त्यातले फक्त व्याज खर्चात जाते.

आपल्याला एक विनंती. आपल्या अंकात मार्केट यार्डातील हळद, गूळ, बेदाण्याचे भाव नियमित येतात. ते विकणाऱ्याच्या कामाचे. आठवड्यातून एकदा त्यांच्याशेजारी किरकोळ बाजारातले शाळू, गहू, तूरडाळ, शेंगतेल, कांदा आणि म्हशीचे दूध यांचे भावही द्यावेत, आणि तेही मिरज, विटा, कराड, दहिवडी अशा तीन-चार ठिकाणांचे.

– एक वाचक, तासगाव, जि. सांगली