आधी सिलिंडर शोधा, मग पार्ट बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीएनजी-पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या पिकअपची गॅरेजवाल्यांकडे येणारी ठरलेली तक्रार म्हणजे ‘गाडी मिसिंग करते, चढाला खेचत नाही’. मिसिंग म्हणजे इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे. त्यावरचा इलाज बऱ्याचदा अंदाजपंचे होतो. आज प्लग (ठिणगी पाडणारा) बदला, उद्या कॉइल (प्लगला वीज देणारी), परवा इंजेक्टर (इंधन फवारणारा). भाजीपाल्याची किंवा दुधाची गाडी एक दिवसही उभी ठेवणे परवडत नाही, म्हणून मालक बिल मुकाट भरतो आणि आठवड्याने पुन्हा तिथेच येतो. खरे तर अर्ध्या तासाच्या तपासणीत दोष कुठल्या सिलिंडरचा आहे ते कळते. ते कळल्याखेरीज एकही पार्ट विकत घेऊ नये.

पहिली तपासणी फुकट आहे. स्विच पेट्रोलवर टाकून बघा. दोन्ही इंधनांवर गाडी तितकीच थरथरत असेल, तर दोष ठिणगीत किंवा कॉम्प्रेशनमध्ये (सिलिंडरमधल्या दाबात) असण्याची शक्यता जास्त. फक्त गॅसवर मिसिंग असेल, तर गॅसचा फिल्टर (त्यात गॅस पंपावरच्या कॉम्प्रेसरचे तेल साचते), रेग्युलेटर (गॅसचा दाब कमी करणारा) आणि गॅस इंजेक्टर बघावे लागतात. पण इथेच अनेकजण फसतात. गॅसच्या मिश्रणातून ठिणगी उडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. त्यामुळे थकलेली कॉइल किंवा झिजलेला प्लग पेट्रोलवर गप्प बसतो आणि गॅसवर उघडा पडतो. तेव्हा रेग्युलेटर खोलायच्या आधी ठिणगी तपासा.

बीएस-६ गाडीला स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारे यंत्र) लावला की पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी एखादा कोड दिसतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०० आला, तर मिसिंग एका जागी नाही. अशा वेळी इंधनाचा दाब, पेट्रोलमधले पाणी किंवा मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची) हवेची गळती आधी बघावी. गळती असेल तर गाडी आयडलला थरथरते आणि रेस दिली की सावरते. पी०३०२ आला म्हणून दुसऱ्या सिलिंडरची कॉइलच गेली, असे मात्र समजू नये. कोड सिलिंडर दाखवतो, पार्ट दाखवत नाही.

पार्ट शोधायची रीत अदलाबदलीची. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल, तर इग्निशन बंद करून दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा, कोड पुसा, गाडी चालवा. पी०३०३ आला तर कॉइल दोषी. पी०३०२ कायम राहिला तर तसेच प्लगचे करा, आणि मग इंजेक्टरचे. एकच कॉइल दोन सिलिंडरना ठिणगी देत असेल, तर एक आणि चार किंवा दोन आणि तीन असे जोडीने कोड येतात. चालू इंजिनात प्लगची वायर किंवा कॉइल उपटून बघायची जुनी सवय मात्र सोडायला हवी. त्यात कॉइल आणि ईसीएम (इंजिनचा संगणक) दोन्ही जाऊ शकतात.

प्लग इंजिन गार झाल्यावरच काढा. चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल, तर ठिणगी आत न जाता बाहेरून उडते आहे; मग प्लगबरोबर कॉइलचे रबरी बूटही बदलावे, नाहीतर नवा प्लगही तसाच होतो. प्लगच्या खळग्यात तेल दिसले तर सील गेले. पाणी दिसले तर बहुधा इंजिनवर प्रेशरने पाणी मारले गेले आहे. सुकवून पुन्हा तपासा. गॅसवर प्लगची गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिमी ठेवतात, पण मॅन्युअलमधला आकडा अंतिम. इरिडियम प्लगच्या टोकाला गेज दाबू नका, ते तुटते.

ठिणगी आणि इंजेक्टर ठीक असूनही गाडी गार असताना चांगली आणि तापल्यावर मिसिंग करत असेल, तर व्हॉल्व्हकडे, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरच्या झडपांकडे, वळा. गॅस कोरडा असल्याने व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) कमी होते. तापल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. टॅपेटचा आवाज बंद झाला म्हणून खूश होणारे चालक नेमके इथे चुकतात! खात्रीसाठी गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, कॉइल आणि इंजेक्टरचे कपलर काढा, सगळे प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा फेरे सेल्फ मारा आणि कॉम्प्रेशन मोजा. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा २५ टक्क्यांहून खाली असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा.

डिझेल पिकअपचा हिशेब वेगळा: फिल्टरमधले पाणी, लाइनमध्ये शिरलेली हवा, इंजेक्टरचे रिटर्न (टाकीकडे परत जाणारे डिझेल). एक इशारा मात्र द्यायलाच हवा. जुन्या पंपाच्या गाडीत इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून सिलिंडर ओळखत. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीत हे कदापि करू नका. तिथे दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची धार कातडीतून आत शिरते. तशी जखम बारीक दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे लागते.

पेट्रोल किंवा गॅसवर चालताना चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल, तर भार ओढू नका. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन पेटते, कन्व्हर्टर खराब होतो आणि त्याची किंमत चारही कॉइलपेक्षा जास्त आहे.

गॅरेजला मालकांनी दुरुस्तीआधीचा कोड, कॉम्प्रेशनचे आकडे आणि काढलेला जुना पार्ट मागावा. कोड पुसून, माल भरून, एखाद्या चढावर गाडी चालवून बघितल्याशिवाय ती ताब्यात घेऊ नये. गॅरेजच्या दारात रिकाम्या उभ्या गाडीत भाराखालची मिसिंग दिसतच नाही.

आपले,
वाहन दुरुस्ती व्यवसायातील काही वाचक, नाशिक