एका हाताची पुल-अप आणि बागेतले जाड बार

मा. संपादक,
स. न.

गेल्या दोन-तीन वर्षांत वडोदऱ्याच्या बागांमधून लोखंडी बार उभे राहिले आणि सकाळी सहाच्या सुमारास तिथे तरुण मुलांची गर्दी होऊ लागली. ही आनंदाचीच गोष्ट. ज्या गावात जुम्मादादा आणि प्रो. माणिकरावांचा आखाडा नावाजला, त्या गावातल्या मुलांनी मोबाइल खिशात ठेवून बारला लटकावे, याहून चांगले काय? पण तो मोबाइल पूर्णपणे खिशात राहत नाही. पुल-अप म्हणजे बारला लटकून हनुवटी बारच्या वर नेणे. ‘तीस दिवसांत एका हाताची पुल-अप’ अशा चित्रफिती पाहून मुले थेट एका हाताला लटकतात, झोके घेतात आणि दीड-दोन महिन्यांत कोपर धरून बसतात. म्हणून हे पत्र. आम्ही व्यायाम शिकवणारी माणसे आहोत. शक्य तेवढे मोजमापासह लिहितो.

सुरुवात कुठून करायची, हे आधी ठरवावे. दोन्ही हातांनी, झोका न देता, कोपर पूर्ण सरळ करून, सलग पंधरा पुल-अप निघत नसतील तर एका हाताचा विचार करू नये. पंधरा निघाल्या की संख्या वाढवत बसण्यात अर्थ नाही. कमरेला वजन बांधावे. सत्तर किलोच्या माणसाने आपल्या वजनावर ३५ किलो बांधून एक स्वच्छ पुल-अप काढली की एका हाताची तयारी सुरू करायला हरकत नाही. बांधलेले वजन ४५ किलोच्या आसपास गेले की एक हात दृष्टिपथात येतो. कागदावरचा हिशेब वेगळा सांगतो: एका हाताने सत्तर उचलायचे तर दोन हातांना एकशेचाळीस झेपायला हवेत. प्रत्यक्षात एकशेपंधराच्या आसपास भागते, कारण दोन्ही बाजू एकदम ओढतात तेव्हा कोणतीच बाजू पूर्ण ताकद लावत नाही, आणि एका हातावर असताना शरीर तिरके वळवून बगलेखालचा मोठा स्नायू चांगला कामाला लावता येतो. पंचावन्न किलोच्या सडपातळ मुलाला हे लवकर जमते आणि नव्वद किलोच्या धिप्पाड गड्याला जमता जमत नाही, यात मेहनतीचा दोष नसतो. शरीर मोठे होते तेव्हा वजन ताकदीपेक्षा वेगाने वाढते.

दुसरी अट पकडीची. एका हाताने तीस सेकंद लटकता आले पाहिजे, तेही खांदा कानाला चिकटवून नव्हे. कोपर अजिबात न वाकवता खांदा तीन-चार सेंटिमीटर खाली ओढून धरायचा. बघणाऱ्याला ही हालचाल दिसतही नाही, पण पुल-अप तिथूनच सुरू होते. खांदा सैल सोडून नुसत्या बेटकुळीने ओढणाऱ्याचा सगळा भार बेटकुळीच्या कंडरेवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर) आणि कोपराच्या आतल्या बाजूवर येतो.

आता मधला टप्पा. एका हाताला मदत द्यायची आणि ती हळूहळू कमी करायची, एवढाच त्याचा गाभा. भानगड मदतीच्या प्रकारात आहे. मुले रबरी पट्टा वापरतात. पट्टा तळाशी ताणलेला असतो, म्हणून तिथे सर्वांत जास्त मदत करतो आणि वर जाताना ढिला पडतो. म्हणजे जिथून सुटणे अवघड, तिथलीच मेहनत तो स्वतः करून टाकतो. बारवर टॉवेल टाकून दुसऱ्या हाताने तो धरण्याची पद्धत त्याहून बरी. धरण्याची जागा दर काही आठवड्यांनी दहा सेंटिमीटर खाली नेता येते. पण टॉवेल जितका ओढाल तितकी मदत देतो, आणि दमलेला माणूस तो किती ओढतोय हे त्याचे त्यालाही कळत नाही.

खरे काम कप्पीचे. विहिरीवर असते तशी कप्पी बारशेजारी पक्की टांगावी, त्यावरून दहा-बारा मिलिमीटर जाडीचा, फारसा न ताणणारा दोर घ्यावा, एका टोकाला झाकणाचा पाण्याचा कॅन आणि दुसऱ्या टोकाला मोकळ्या हाताने धरायची मूठ. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. इतका स्वस्त आणि इतका नेमका वजनाचा संच बाजारात मिळत नाही. कॅन आपल्या वजनापलीकडे तोळाभरही मदत देत नाही, मोकळ्या हाताने दोर कितीही घट्ट धरा. मात्र हिसका द्यायचा नाही. मूठ छातीशी स्थिर ठेवायची आणि शरीराबरोबर वर न्यायची.

कप्पीत दोन ठिकाणी फसगत होते. पहिली घर्षणाची. दोन्ही टोकांना दहा-दहा लिटर टांगा आणि एका बाजूला मापाने थोडे थोडे पाणी घालत जा. ती बाजू किती पाण्याने खाली सरकते ते पाहा. लिटरभर लागले तर तुमची दहा लिटरची मदत वर जाताना नऊच असते आणि खाली येताना अकरा होते. ‘उतरताना सोपे वाटते, चढताना जड’ या तक्रारीचे उत्तर बऱ्याचदा गंजलेल्या कप्पीत सापडते. बेअरिंगवाली कप्पी घ्या, नाहीतर निदान तेल तरी सोडा. दुसरी फसगत उंचीची. तुम्ही साठ-पासष्ट सेंटिमीटर वर जाता तेव्हा कॅन तेवढाच खाली येतो. सुरुवातीला तो जमिनीपासून पाऊण मीटर वर नसेल तर ऐन शेवटी टेकतो, मदत एकदम नाहीशी होते आणि सगळे वजन झटक्यात एका कोपरावर येते. कॅनखाली कोणी उभे राहू नये, हे वेगळे सांगायला नको, पण मुले उभी राहतात म्हणून सांगतो.

सत्तर किलोचा, वर सांगितलेली तयारी असलेला माणूस साधारण वीस लिटरपासून सुरू करतो. जेवढ्या मदतीने कष्टाने चार वेळा वर जाता येते, तेवढ्यावर तीनच काढायच्या. प्रत्येक हाताचे चार-पाच सेट, मध्ये तीन मिनिटे विश्रांती. आधी कमजोर हात, म्हणजे बहुतेकांचा डावा. उजव्याने त्याच्यापेक्षा एकही जास्त काढायची नाही. आठवड्यातून दोनच दिवस, सोमवार आणि गुरुवार असे. गुरुवारी मदत थोडी कमी ठेवून एक-एक काढावी आणि नंतर दोन जागी थांबण्याचा सराव करावा: हनुवटी बारच्या वर असताना, आणि कोपर काटकोनात असताना. प्रत्येकी पाच ते आठ सेकंद. काटकोनाच्या आसपासच बहुतेकांची गाडी अडते. दर चौथ्या आठवड्याला सेट निम्मे करावेत. या आठवड्यात ‘अंगात जोर आहे’ म्हणून जास्त करण्याचा मोह होतो. तो जोर विश्रांतीमुळेच आलेला असतो.

लागोपाठ दोन वेळा सगळे सेट स्वच्छ निघाले की एक लिटर कमी. पंधरवड्याला एक लिटर धरला तर वीस लिटरचे चाळीस आठवडे होतात, आणि शेवटच्या पाच लिटरना पंधरवडा पुरत नाही, तिथे अर्ध्या-अर्ध्या लिटरने उतरावे लागते. म्हणजे एक ते दीड वर्ष. तीस दिवसांवाल्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा.

एवढा वेळ का लागतो? स्नायू दोन-तीन महिन्यांत बळावतो, कंडरा त्याहून बरीच सावकाश. तिला रक्तपुरवठा कमी असतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अंगात ताकद आलेली असते आणि कंडरा मागे राहिलेली असते. नेमका याच काळात मुलगा ‘निगेटिव्ह’ सुरू करतो, म्हणजे उडी मारून वर जायचे आणि एका हाताने उतरायचे. हा प्रकार वाईट नाही, पण तो शेवटच्या टप्प्याचा आहे. उतरायला किमान पाच सेकंद लागले पाहिजेत आणि अधे कुठेही शरीर निसटता कामा नये. काटकोनापर्यंत छान उतरून पुढे धप्पकन तळाला जाणारे निगेटिव्ह ताकद वाढवत नाही, कंडरेला हिसका देते. असे सावकाश उतरणे जमत नसेल तर कप्पीवर परत या.

दुखणे कुठे येते तेही सांगतो. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा असतो. मूठ आवळणारे स्नायू तिथूनच निघतात. घट्ट पकड, वाकलेले कोपर आणि चेहऱ्याकडे वळवलेला तळवा, या तिन्हींचा ताण एकाच जागी येतो. पहिली खूण बारवर दिसत नाही. बाटलीचे घट्ट झाकण पिळताना किंवा भरलेली कळशी उचलताना तिथे कळ येते. दुसरी खूण फसवी: अंग गरम झाले की दुखणे जाते आणि दुसऱ्या सकाळी परत येते. हलकी कळ चोवीस तासांत गेली तर चालेल. त्याहून रेंगाळली तर एका हाताचे सगळे काम दोन-तीन आठवडे बंद. हात गळ्यात बांधून बसायचे नाही. तीन ते पाच किलोचा डंबेल घेऊन, हात मांडीवर टेकवून, तळवा वर ठेवून मनगट चार सेकंदांत हळू खाली सोडायचे, दुसऱ्या हाताच्या मदतीने वर आणायचे. पंधराचे तीन सेट, एक दिवसाआड. तेल चोळल्याने बरे वाटते, खुशाल चोळा. पण त्याने भार पेलायची ताकद येत नाही. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येत असतील किंवा कोपरापाशी ‘कट्’ आवाज होऊन काळेनिळे पडले, तर घरगुती उपाय सोडून अस्थिरोग तज्ज्ञांना दाखवा.

कोपर वाचवायचे तर बारऐवजी लाकडी रिंग वापरून पाहावी. एका हातावर शरीर वर जाताना आपोआप वळते. बार वळत नाही, म्हणून पीळ मनगट आणि कोपर सोसतात. रिंग शरीराबरोबर फिरते. दोरीच्या मल्लखांबावरची मुले या व्यायामात इतरांपेक्षा लवकर तयार होतात, त्याचे एक कारण हेही असावे. पकडीचे तर आहेच. फक्त मल्लखांबावरून थेट बारकडे येणाऱ्यांनी हात साबणाने धुवावेत. एरंडेल खांबाला ठीक आहे, बारवर त्यासारखा वैरी नाही. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसला टेकला की तळहाताचा घामही तेच करतो. थोडी मॅग्नेशियमची पांढरी पूड पुरते. घट्टे वाढू देऊ नयेत, अंघोळीनंतर वजरीने घासून सपाट ठेवावेत. उंच घट्टा बारमध्ये चिमटतो आणि सालीसकट निघतो.

जोर आणि डबल बार सोडू नयेत. नुसते ओढणाऱ्याचे खांदे पुढे झुकतात. वजन कमी राहावे म्हणून बैठका बंद करणारे महाभागही असतात. त्यांनी त्याऐवजी रविवारची दुसरी प्लेट सेव-उसळ बंद करावी. दोन किलो चरबी उतरली तर कप्पीवरचे दोन लिटर आपोआप उतरतात. प्रथिने दर किलो वजनाला दीड ग्रॅमच्या आसपास असावीत. शंभर ग्रॅम कोरड्या मुगात चोवीस ग्रॅम मिळतात, पाव लिटर दुधात आठ.

आता बागांच्या बारबद्दल. यात मुलांचा काहीच दोष नाही. बहुतेक ठिकाणी बसवलेला पाइप ‘दीड इंची’ आहे. पाइपाचे हे माप आतल्या पोकळीचे असते. बाहेरून तो ४८ मिलिमीटर भरतो. जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेत पुरुषांचा आडवा बार २८ मिलिमीटरचा असतो. ४८वर अंगठा बोटांना धड भेटत नाही, पाठ दमण्याआधी पंजा सुटतो, आणि मूठ आवळण्याचा सगळा जादा ताण वर सांगितलेल्या त्या उंचवट्यावर जातो. ‘एक इंची’ पाइप बाहेरून सुमारे ३४ मिलिमीटर असतो. तो हवा. वाकेल अशी भीती असेल तर लाल पट्ट्याचा जड वर्गातला पाइप घ्यावा, त्याचा पत्रा चार मिलिमीटरचा असतो, आणि दोन खांबांतले अंतर सव्वा मीटरच्या आत ठेवावे. निदान एक बार अडीच मीटर उंच असावा. सध्या उंच मुलांना गुडघे दुमडून लटकावे लागते आणि दुमडलेल्या पायांनी झोका हटकून येतो. जोडावरचे वेल्डिंग घासून गुळगुळीत करावे. खांबांना हवा तो ऑइलपेंट द्या, पण हात धरायच्या जागी रंग नको.

— दांडिया बाजारातील काही व्यायामशिक्षक, वडोदरा